स्कुबल सोडा, ब्राऊन ठेवा

प्रश्न: नमस्कार. आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. मंडळातली काही घरं आणि नवऱ्याच्या ऑफिसातले काही जण मिळून आमची बारा संघांची फँटसी बेसबॉल लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आम्ही आपापले संघ निवडतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आमची हार-जीत ठरते. पिचिंगचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, नेहमीचे पाच रकाने मोजतो: विजय, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरला मिळतो), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन) आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक). शेवटचे दोन जितके कमी तितके चांगले. बॅटिंगचेही पाच. दर वर्षी जुन्या संघातला एक बॅटर आणि एक पिचर ठेवता येतो. मागच्या वर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या, ज्या फेरीत घेतला, त्याच्या दोन फेऱ्या आधीची फेरी त्याच्यासाठी सोडायची, असा नियम आहे. बॅटर ठरलाय, पिचरवर अडलंय. आमच्या डेट्रॉइट टायगर्सचा तारिक स्कुबल दुसऱ्या फेरीत घेतला होता, तिच्या आधी एकच फेरी आहे, म्हणून त्याला आता पहिली फेरी जाईल. ह्यूस्टनचा हंटर ब्राऊन दहाव्या फेरीत मिळाला होता, त्याला आठवी. शेन मॅक्लानाहन उन्हाळ्यात मोकळ्या खेळाडूंमधून उचलला, त्याला शेवटची. २०२६ च्या ड्राफ्टमध्ये माझा नंबर नववा आहे. धाकट्या दिरांचा तिसरा. ते म्हणतात, "वहिनी, स्कुबल सोडलात तर मी उचलणार, मग माझ्या नावाने ओरडू नका." मुलगा बारा वर्षांचा आहे, स्कुबलची जर्सी अंगातून काढत नाही. नावं कळवायची मुदत मार्चच्या तिसऱ्या गुरुवारपर्यंत आहे. तोवर सौदे करता येतात, फेऱ्यांचेसुद्धा. काय करू? – टायगर्सवाली

उत्तर:

टायगर्सवाली ताई,

ब्राऊन ठेवा. स्कुबलला सोडा, पण फुकट सोडू नका, मुदतीच्या आत त्याचा सौदा करा. मॅक्लानाहनचा विचार मनातून काढून टाका.

मॅक्लानाहनचं आधी उरकते. २०२२ मध्ये तो टँपा बेचा हुकमी पिचर होता, ईआरए २.५४, हे खरं. पण ऑगस्ट २०२३ नंतर २०२५ चा हंगाम संपेपर्यंत त्याने मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात वरच्या बेसबॉलमध्ये, एकही चेंडू टाकला नाही. आधी कोपराच्या अस्थिबंधाची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, तीही दुसऱ्यांदा. मग २०२५ चा हंगाम तोंडावर आलेला असताना दंडाच्या नसेचं दुखणं निघालं. शेवटच्या फेरीतला खेळाडू ठेवला तर जातंय काय, असं वाटतं खरं. तुमच्या लीगमध्ये मात्र पिचर ठेवायची जागा एकच आहे, आणि ती त्याच्यावर घालवली तर ब्राऊन हातचा जातो. हवाच असेल तर ड्राफ्टच्या शेवटी पुन्हा घ्या, बहुधा तेव्हाही शिल्लक असेल.

आता खरा प्रश्न. स्कुबल ब्राऊनपेक्षा सरस पिचर आहे, याबद्दल वाद नाही. २०२४ मध्ये १८ विजय, २.३९ ईआरए, २२८ स्ट्राइकआउट. २०२५ मध्ये १३ विजय, २.२१ ईआरए, २४१ स्ट्राइकआउट. दोन्ही वर्षी साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, त्याच्याकडे. मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन शाखा आहेत, दोन्हींत तो वेगळा देतात, आणि अमेरिकन लीगमध्ये तो सलग दोनदा मिळवणारा पेद्रो मार्टिनेझनंतरचा (१९९९ आणि २०००) हा पहिलाच. मागच्या हंगामात १९५ इनिंगमध्ये त्याने फक्त ३३ वॉक (चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) दिले. इतका वेगवान चेंडू टाकणारा माणूस इतका शिस्तीत टाकतो, हे मला आजही नवल वाटतं. तुमचा मुलगा त्याची जर्सी घालतो, तो चांगलाच पारखी आहे.

पण कीपर, म्हणजे ठेवायचा खेळाडू, ठरवताना सर्वात चांगला कोण, हे बघायचं नसतं. त्याच्यासाठी जी फेरी सोडता, तिच्यापेक्षा तो किती जास्त देतो, हे बघायचं असतं. आयपीएल बघणाऱ्याला हे पटकन समजतं. २०२५ च्या लिलावाआधी चेन्नईने ऋतुराज गायकवाड आणि रवींद्र जडेजा यांच्यासाठी प्रत्येकी १८ कोटी बाजूला काढले आणि नियमाचा फायदा घेऊन धोनीला ४ कोटींत ठेवलं. त्या तिघांत कोण मोठा, यावर भांडत बसायची गरज नाही. चेन्नईच्या थैलीला आधार झाला तो त्या ४ कोटींचा. तुमच्या हातात तो ४ कोटींचा खेळाडू ब्राऊन आहे.

हिशेब मांडून बघा. २०२५ मध्ये ब्राऊनचे १२ विजय, ईआरए २.४३, १८५ इनिंगमध्ये २०६ स्ट्राइकआउट. म्हणजे स्कुबलच्या तुलनेत एक विजय कमी, ३५ स्ट्राइकआउट कमी आणि ईआरएत जेमतेम पाव रनचा फरक. मोठी तफावत एकाच रकान्यात आहे, ती व्हिपमध्ये. स्कुबलचा ०.८९, ब्राऊनचा १.०३ च्या आसपास, कारण ब्राऊनने ५७ वॉक दिले. तरी १.०३ व्हिप वाईट म्हणणारा माणूस तुमच्या लीगमध्ये सापडणार नाही.

आता दोन जोड्या समोरासमोर ठेवा. स्कुबल ठेवलात तर तुमच्याकडे स्कुबल आणि आठव्या फेरीत मिळेल तो कुणीतरी. आठव्या फेरीत मिळतो तो रोज खेळणारा पण साधारण बॅटर, नाहीतर ज्याच्या तब्येतीबद्दल किंवा जागेबद्दल शंका आहे असा. ब्राऊन ठेवलात तर तुमच्याकडे ब्राऊन आणि पहिल्या फेरीतला बॅटर. क्लीव्हलंडच्या होसे रामिरेझने मागच्या वर्षी ३० होमरन आणि ४४ चोरलेले बेस दिले. तो नवव्या नंबरपर्यंत टिकेल, असं मी म्हणणार नाही. पण सॅन दिएगोच्या फर्नांडो टाटिससारखा, २५ होमरन आणि ३२ बेस देणारा, कुणीतरी त्या सुमारास नक्की मिळतो. असा माणूस एकटा चार-पाच रकाने उचलून धरतो. पिचर कितीही थोर असला तरी पाच दिवसांतून एकदा खेळतो आणि सेव्हचा रकाना त्याच्या हातातच नसतो.

तुमच्या दिरांना बेसबॉल नीट कळत असेल तर ते इथे एक मुद्दा काढतील, आणि तो मुद्दा खरा आहे. लीगमधला प्रत्येक संघ एकेक बॅटर आणि एकेक पिचर ठेवणार, म्हणजे ड्राफ्टला चोवीसपर्यंत खेळाडू मुळातच नसतील. ते बहुतेक स्वस्तात मिळालेले चांगलेच खेळाडू असणार. त्यामुळे तुमच्या नवव्या नंबरला जो बॅटर मिळेल, तो एरवी पंधराव्या-अठराव्या नंबरला गेला असता. मग पहिल्या फेरीची किंमत घसरली की नाही, आणि स्कुबल तेवढा स्वस्त झाला की नाही? झाला. पण ती घसरण बॅटरपुरती राहत नाही. पिचरही ठेवलेच जाणार आहेत, म्हणून ब्राऊनच्या तोडीचा पिचर उघड्या ड्राफ्टमध्ये हवा असेल तर दुसरी फेरी, कदाचित पहिलीच, मोजावी लागेल. तुम्ही तो आठवीत घेताय. स्कुबलचा नफा वाढला तो एका पायरीने, ब्राऊनचा तीन-चार पायऱ्यांनी.

विजयांच्या रकान्याबद्दलही सांगून ठेवते, कारण स्कुबलच्या बाजूने बोलणारे "तो जिंकून देतो" असं म्हणतात. १० ऑक्टोबर २०२५ ची सिअ‍ॅटलची रात्र तुमच्या घरी कुणी विसरलं असेल, असं वाटत नाही. सिअ‍ॅटलविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेचा पाचवा आणि शेवटचा सामना. स्कुबलने सहा इनिंगमध्ये १३ स्ट्राइकआउट केले, त्यातले सात ओळीने, आणि रन दिला एक. सहाव्या इनिंगमध्ये केरी कार्पेंटरने दोन रनांचा होमरन मारून टायगर्सना आघाडीही मिळवून दिली. स्कुबल बाहेर पडला, पुढच्याच इनिंगमध्ये सिअ‍ॅटलने बरोबरी केली, आणि मिशिगनमध्ये मध्यरात्र उलटून गेल्यावर पंधराव्या इनिंगमध्ये टायगर्स ३-२ हरले. त्या सामन्याचे आकडे फँटसीत धरत नाहीत, पण विजय हा रकाना कसा चालतो, ते त्यात दिसतं: पिचरने आपलं काम चोख केलं तरी संघ हरला की विजय नाही. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचा ईआरए १.९७ होता, नॅशनल लीगचं साय यंग एकमताने त्यालाच मिळालं, आणि जय-पराजयाचा हिशेब मात्र १०-१०. विजयांसाठी पहिली फेरी मोजणं मला कधीच पटत नाही.

आणि मग दुखापती. इथे थोडं थांबून विचार करा, कारण निर्णयाचा निम्मा भार यावर आहे. साय यंग मिळवलेल्या पिचरांची अलीकडची यादी काढा. शेन बीबर, २०२० चा विजेता. एप्रिल २०२४ मध्ये टॉमी जॉन. रॉबी रे आणि कॉर्बिन बर्न्स, २०२१ चे दोन्ही विजेते. रे २०२३ मध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर, बर्न्स जून २०२५ मध्ये. सँडी अल्कांतारा, २०२२, ज्याने त्या वर्षी २२८ इनिंग टाकल्या आणि सहा सामने एकट्याने पूर्ण केले; पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया, २०२४ अख्खं वाया, आणि परतल्यावर २०२५ मध्ये ईआरए ५.३६. गेरिट कोल, २०२३. मार्च २०२५ मध्ये शस्त्रक्रिया, तो हंगाम संपला. हे सगळे त्या-त्या वर्षी "याला काही होणार नाही" अशाच गणतीतले होते. कोपराचा हा अस्थिबंध एकदा गेला की परतायला वर्ष ते दीड वर्ष लागतं, आणि परतणारा प्रत्येक जण पहिल्यासारखा परततो असं नाही.

स्कुबलला काही होईल, असं मी म्हणत नाही, होऊ नये अशीच माझी इच्छा आहे. पण त्याचा हात आधी दोनदा दुरुस्त झालेला आहे: कॉलेजात असताना २०१६ मध्ये टॉमी जॉन, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कोपराखालच्या हाताच्या स्नायुबंधावर शस्त्रक्रिया, ज्यानंतर तो जुलै २०२३ मध्ये खेळायला आला. ब्राऊनही पिचरच आहे, त्यालाही तोच धोका आहे. फरक इतकाच की ब्राऊन जायबंदी झाला तर तुमची आठवी फेरी बुडते, आणि आठव्या फेरीशिवाय लीग जिंकता येते. पहिली फेरी मे महिन्यात बुडाली तर ऑगस्टपर्यंत तुम्ही नुसत्या हजेरी लावणार.

"ब्राऊनचं एकच वर्ष चांगलं गेलंय, ते योगायोगाने गेलं असेल तर?" ही शंका रास्त आहे. म्हणून त्याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

११ एप्रिल २०२४, कॅन्सस सिटी. ब्राऊनने रॉयल्सविरुद्ध पहिल्या इनिंगमध्ये दोन जण बाद केले आणि तेवढ्यात ११ हिट आणि ९ रन दिले. इनिंगही पूर्ण झाली नाही. एप्रिल संपला तेव्हा त्याचा ईआरए नऊच्या वर होता आणि एकही विजय नव्हता. फँटसीवाल्यांनी त्याला धडाधड सोडून दिलं. दुखणं काय होतं? उजव्या हाताच्या बॅटरना त्याचे चेंडू एकतर सरळ नाहीतर बाहेरच्या बाजूला जाणारे येत होते, त्यामुळे ते पाय रोवून, पुढे झुकून बिनधास्त मारत होते. तेव्हाचा त्याचा संघातला सहकारी अ‍ॅलेक्स ब्रेगमन, जो स्वतः उजव्या हाताचा बॅटर, त्याने सिंकर टाकून बघ म्हणून सुचवलं. सिंकर म्हणजे उजव्या बॅटरच्या अंगावर येत खाली जाणारा फास्टबॉल. मे महिन्यापासून ब्राऊन तो टाकायला लागला आणि बॅटरना पुढे झुकून उभं राहणं अवघड झालं. त्या भयंकर एप्रिलसकट त्याचं २०२४ संपलं ते ३.४९ ईआरए आणि १७९ स्ट्राइकआउटवर. पुढच्या वर्षी २.४३.

म्हणजे चांगलं खेळायला लागून त्याला एक हंगाम नाही, दीड हंगामाहून जास्त काळ झालाय, आणि सुधारणेचं कारण डोळ्यांना दिसतं. मला यावरच सर्वात जास्त भरवसा वाटतो. नुसता ईआरए खाली आला असता तर मी सावध राहिले असते, कारण ईआरएमध्ये नशिबाचा आणि क्षेत्ररक्षकांचा वाटा मोठा असतो. बेसबॉलचे आकडे अभ्यासणाऱ्या व्होरोस मॅक्रॅकनने २००१ मध्ये हा मुद्दा मांडला तेव्हा पुष्कळांना तो पटला नव्हता: बॅटला लागून मैदानात पडलेल्या चेंडूचं पुढे काय होतं, यावर पिचरचा ताबा फार थोडा. त्याच्या हातात खरे असतात ते स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन. ब्राऊनचे स्ट्राइकआउट त्याच्या स्वतःच्या हातचे आहेत. २.४३ हा आकडा मात्र पुन्हा येईल असं धरू नका, तीनच्या आसपास धरा. तेवढा आला तरी आठव्या फेरीला तो लुटीचाच माल आहे.

शिवाय वय बघा. २०२६ च्या ड्राफ्टवेळी ब्राऊन २७ वर्षांचा, स्कुबल २९. तुमच्या नियमाने ब्राऊन पुढच्या वर्षी सहाव्या फेरीत पडेल, त्याच्या पुढच्या वर्षी चौथ्या. तोवर तो असाच खेळला तर तीन हंगाम निघतात. स्कुबल दर वर्षी पहिलीच फेरी मागणार. त्याचा टायगर्सशी करार २०२६ च्या हंगामानंतर संपतोय, पुढे तो कुठल्या गावात आणि कुठल्या संघात असेल, हे आज ठरलेलं नाही.

जर्सीवाल्या मुलाला मात्र हे सांगा. हंटर ब्राऊन जन्माने डेट्रॉइटचाच आहे. सेंट क्लेअर शोअर्सच्या लेकव्ह्यू हायस्कूलमध्ये शिकला, कॉलेज तुमच्याकडचंच वेन स्टेट. लहानपणी टायगर्सचा चाहता होता, आणि त्याची चेंडू टाकायची ढब टायगर्सकडून वर्षानुवर्षं खेळलेल्या जस्टिन व्हर्लँडरसारखी दिसते, ते उगाच नाही. २०१९ च्या मेजर लीग ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने त्याला पाचव्या फेरीत घेतलं. ह्यूस्टनचा संघ टायगर्सच्या मैदानावर, कोमेरिका पार्कला, येईल तेव्हा त्याची पाळी असेल तर मुलाला घेऊन जा आणि पहिल्या बेसच्या बाजूला बसा. उजव्या हाताचा बॅटर सिंकर बघून कसा मागे सरकतो, ते तिथून नीट दिसतं. स्कुबलसाठी टाळ्या वाजवायला तो तुमच्या फँटसी संघात असायची गरज नाही.

आता दिरांचं. ते स्कुबलला उचलणार म्हणतात, तर उचलू द्या. तिसऱ्या नंबरवर पिचर घेतला म्हणजे त्यांनी त्या जागेचा बॅटर सोडला, आणि तिथे मिळणारा बॅटर तुमच्या नवव्या नंबरच्या बॅटरपेक्षा बराच मोठा असतो. त्यांच्याशी स्कुबलचा सौदा करायला जाऊ नका, कारण त्यांना तो ड्राफ्टमध्ये आयताच मिळू शकतो, ते तुम्हाला कशाला काही देतील?

सौदा करायचा तो दहाव्या, अकराव्या आणि बाराव्या नंबरच्या संघांशी. त्यांच्यापर्यंत स्कुबल कधीच पोचणार नाही. तुमच्याकडून घेऊन त्याला ठेवायचा तर त्यांची पहिल्या फेरीतली शेवटाकडची निवड जाते, आणि त्या भावात स्कुबल म्हणजे त्यांची चैन आहे. त्यातही ज्याच्याकडे ठेवण्याजोगा पिचर नाही, असा संघ शोधा. मागणी अशी ठेवा: तुम्ही स्कुबल आणि तुमची सातवी फेरी द्यायची, त्यांनी त्यांची चौथी द्यायची. नाही म्हणाले तर पाचवीवर या. त्याच्या खाली गेलं तरी घ्या, कारण तुम्ही त्याला ठेवणारच नाही, मुदत संपली की तुमच्या हातात त्याचं काहीच उरत नाही. एक मात्र सांभाळा: "मी ब्राऊन ठेवतेय" हे सौदा होईपर्यंत कुणाला बोलू नका, घरातही नको. तुम्ही स्कुबल सोडणार हे समजलं की सगळे हात बांधून बसतील. दिरांना तर "अजून ठरत नाहीये" एवढंच सांगा.

माझं उत्तर बदलेल अशा दोन गोष्टी आहेत. मुदतीआधी ब्राऊनच्या कोपराची किंवा खांद्याची काही बातमी आली, किंवा सरावाच्या सामन्यांत त्याच्या फास्टबॉलचा वेग नेहमीपेक्षा दोन-तीन मैलांनी उतरलेला दिसला, तर बेधडक स्कुबल ठेवा. नववा नंबर देऊन स्कुबल घेण्यात तोटा काहीच नाही, फायदा थोडा आहे इतकंच. आणि तुमच्या लीगने रकाने सोडून गुणांची पद्धत घेतली, जिथे प्रत्येक इनिंग आणि प्रत्येक स्ट्राइकआउटला गुण असतात, तर तिथे वरच्या पिचरचं पारडं जड होतं, तेव्हा मला पुन्हा लिहा. सरावाच्या सामन्यांतल्या ईआरएकडे मात्र लक्ष देऊ नका. तिथे पिचर नवे चेंडू घोटवत असतात.

तिन्ही संघांना आज रात्रीच निरोप पाठवा, तिघांना वेगवेगळा. बुधवारपर्यंत वाट बघा. कुणी हलला नाही तर गुरुवारी ब्राऊनचं नाव कळवून मोकळ्या व्हा.